अस्थींची उलटतपासणी

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच सनद घेतली होती आणि बेळगावच्या न्यायालयात उमेदवारी करीत होतो. चिकोडी-निपाणीकडच्या एका खेड्यात तंबाखूच्या वखारीचा पाया खणताना कमरेएवढ्या खोलीवर माणसाची हाडे लागली. जागेचा मालक आमच्या वरिष्ठांचा पक्षकार होता. काम थांबल्याने तो हवालदिल झाला होता, म्हणून मला तिकडे पाठविण्यात आले. मी पोहोचलो तोवर सारा गाव जमला होता आणि गावाने आपला निकालही देऊन टाकला होता. अर्थात प्रत्येकाचा निकाल निराळा. कोणी म्हणे, निपाणकरांच्या फौजेतला शिपाई असावा. कोणी म्हणे, ही जुन्या स्वामींची समाधी आहे, हात लावू नका. कोणी पिराचे नाव घेई. दोघे-चौघे बाजूला उभे राहून, कित्येक वर्षांपूर्वी गावातून नाहीशा झालेल्या एका सुनेविषयी कुजबुजत होते.

पंचनामा कन्नडमध्ये लिहिला गेला. पंचांनी तो मराठीतून समजून घेतला आणि खाली सह्या केल्या. हाडे गोळा करून खताच्या रिकाम्या पोत्यात भरण्यात आली. त्यांच्याशेजारी मातीच्या भांड्यांचे काही तुकडे निघाले होते, ते मजुरांनी मातीबरोबर केव्हाच लांब फेकून दिले होते. सह्या आटोपल्यावर पंचांपैकी एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, ही बाई हुती का गडी?” मी म्हटले, “काका, ते कसे सांगणार? आणि कळून तरी करायचे काय?” ते म्हणाले, “कुणाचं का असंना, माती तर द्याय पायजे. वर लुगडं घालायचं का धोतर, ते कळाय नको?”

काही महिन्यांनी कागद आला : हाडे मानवी असून जुनी आहेत, मृत्यूचे कारण सांगता येत नाही. प्रकरण मिटले, वखार उभी राहिली. दोष कोणा एकाचा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या परीने रीतसर वर्तन केले होते. परंतु म्हाताऱ्याचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. पुढे एकदा कामानिमित्त पुण्यास गेलो असता पुरातत्त्वाच्या एका विद्यार्थ्याला मी ही हकीकत सांगितली. तो सहज म्हणाला, “कटीचे हाड शाबूत असेल तर हे सांगायला पाव तास पुरतो.” त्या दिवसापासून ह्या शास्त्राची पुस्तके मी कुतूहलाने वाचीत आलो. जे वाचले त्यावरून माझे एक मत बनले आहे, ते येथे मांडावयाचे आहे. अस्थी हा साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराच्या बाबतीत न्यायालय जी शिस्त पाळते ती ह्या साक्षीदाराच्या बाबतीतही पाळली पाहिजे. ही शिस्त शिकविणारे शिक्षण आपल्या भागाला हवे आहे.

प्रौढ माणसाच्या देहात २०६ हाडे असतात आणि त्यांतील बहुतेकांवर त्या माणसाच्या आयुष्याची काही ना काही नोंद असते. स्त्रीची कटी प्रसूतीच्या सोयीसाठी रुंद असते व तिच्या हाडाची मागील खाच उघडी असते. पुरुषाची तीच खाच अरुंद असते. लहानपणचे वय दातांवरून कळते, तारुण्यातले लांब हाडांची टोके दांड्याशी सांधली गेली की नाही ह्यावरून कळते. गळ्याजवळच्या आडव्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांत शेवटी, तिशीच्या आसपास, पुरते सांधते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधता येतो. बालपणी उपासमार वा मोठे आजारपण झाले असेल तर दातांच्या कवचावर आडव्या रेषा उमटतात आणि त्या मरेपर्यंत पुसल्या जात नाहीत. आयुष्यभर उकिडवे बसणाऱ्याच्या घोट्याच्या हाडावर त्या बैठकीची खूण राहते. हाड जिवंतपणी मोडले की मातीत पडल्यावर मोडले, हेही कळते. ओली फांदी आणि वाळकी काटकी मोडण्यात जो फरक, तोच येथेही असतो.

परंतु हा साक्षीदार किती बोलतो ह्यापेक्षा कोठे गप्प बसतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. वयात न आलेल्या मुलाच्या हाडांवरून तो मुलगा की मुलगी, हे केवळ पाहून खात्रीने सांगता येत नाही. चाळिशीनंतरचे वय हाडावरून अंदाजानेच, दहा-पंधरा वर्षांच्या मोकळिकीने सांगावे लागते. विष, बुडणे, ताप, दुःख ह्यांच्या खुणा हाडावर बहुधा राहत नाहीत. आणि त्या माणसाची भाषा, जात वा देव कोणता होता, हे तर हाड कधीच सांगत नाही. असे असूनही ह्या शास्त्राच्या प्रारंभीच्या काळात त्याला नेमके हेच प्रश्न विचारले गेले. अस्थिशास्त्राचा इतिहास हा भलते प्रश्न विचारल्याचा आणि मग हळूहळू योग्य प्रश्न विचारावयास शिकल्याचा इतिहास आहे. त्यातील एक पान एका मराठी विदुषीने लिहिले आहे.

१९२७ साली बर्लिनमध्ये मानववंश आणि आनुवंशिकता ह्यांच्या अभ्यासासाठी एक मोठी संस्था स्थापन झाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर. ह्या गृहस्थांनी तरुणपणी नैऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेऊन नाव मिळविले होते. ह्याच संस्थेत महर्षी कर्वे ह्यांच्या स्नुषा इरावती कर्वे संशोधनासाठी गेल्या. त्यांना दिलेला विषय होता माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता. गुरूंचे गृहीतक असे की, ही असमानता गोऱ्या युरोपियनांत अधिक आढळेल आणि तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी लावता येईल. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतील कित्येक वसाहतींतून आणलेल्या होत्या. ज्यांच्या त्या कवट्या, त्यांची परवानगी अर्थातच कोणी विचारली नव्हती. मोजमापे पुरी झाल्यावर बाईंनी आपला निष्कर्ष लिहिला : वंशाचा आणि ह्या असमानतेचा संबंध दिसत नाही. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. परदेशातील पंचविशीची विद्यार्थिनी, समोर संस्थेचे सर्वाधिकारी गुरू, आणि निष्कर्ष गुरूंच्या गृहीतकाच्या विरुद्ध! वकिली भाषेत सांगावयाचे तर, साक्षीदाराच्या तोंडी सूचक प्रश्नाने उत्तर घालण्याचा आग्रह होता आणि तपासणी करणाराने तो मानला नाही. त्याच संस्थेने पुढे नाझी राजवटीत माणसांच्या ‘वंशशुद्धी’ची प्रमाणपत्रे दिली आणि महायुद्धाच्या काळात आउशविट्झच्या छावणीतून पाठविलेले मानवी अवशेष स्वीकारले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साध्या निष्कर्षाचे मोल कळते.

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडले होते. १९३९ साली ते पदव्युत्तर शिक्षण व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. त्याच वर्षी इरावतीबाई आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकळिया हे दोघेही तेथे रुजू झाले. एक जिवंत माणसांचा अभ्यास करणारी, दुसरा मातीखालच्या माणसांचा. ह्या दोन शास्त्रांची गाठ १९४४ साली गुजरातेतील लांघणज येथे पडली. तेथील वाळूच्या टेकडीत सूक्ष्म दगडी हत्यारे वापरणाऱ्या प्राचीन लोकांचे, अंग मुडपून पुरलेले सांगाडे निघाले. इरावतीबाई त्या मोहिमेत होत्या, आणि त्या अस्थींचा पहिला वृत्तांत त्यांनी मुंबईचे शरीररचनातज्ज्ञ डॉ. कुरुलकर ह्यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील संस्थेने, महाराष्ट्रातील तज्ज्ञांच्या हातून, उत्खननात निघालेल्या मानवी अस्थींची रीतसर तपासणी करण्याच्या परंपरेचा हा आरंभ म्हणता येईल.

ह्या परंपरेचा इतिहास सर्वस्वी निष्कलंक आहे, असे मात्र समजू नये. लांघणजच्या अस्थींवरील सविस्तर ग्रंथ १९६५ साली निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी सोफी एरहार्ट ह्या जर्मन विदुषी नाझी काळात रोमा लोकांची वांशिक मोजमापे घेणाऱ्या पथकात काम करीत होत्या. ज्यांना त्या राजवटीने हजारोंनी मारले, तेच हे लोक. दुसरे कर्ते अमेरिकेचे केनेथ केनेडी. त्यांनी पुढे आयुष्यभर भारतीय उपखंडातील प्राचीन अस्थींचा अभ्यास केला आणि आपल्या देशात न्यायवैद्यकातील अस्थितज्ज्ञ म्हणूनही मान्यता मिळविली. एकाच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ह्या शास्त्राचा भूतकाळ आणि भविष्यकाळ असे शेजारी-शेजारी बसले होते.

केनेडींचे नाव निघाले आहे तर त्यांच्या हातून सुटलेल्या एका विलक्षण ‘आरोपी’ची कथा सांगितली पाहिजे. मोहेंजोदडोच्या उत्खननात गल्ल्यांतून आणि घरांतून काही सांगाडे वेडेवाकडे पडलेले सापडले होते. १९४७ साली सर मॉर्टिमर व्हीलर ह्यांनी त्यांवरून असे अनुमान काढले की, आक्रमक आर्यांनी ह्या नगरवासीयांची कत्तल केली. आणि वेदांत पुरंदर म्हणून गाजलेल्या इंद्रालाच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आरोपी गैरहजर, बचावाला वकील नाही आणि साक्षीदारांची उलटतपासणी झालेली नाही. तरीही हा निकाल कित्येक वर्षे शाळेच्या पुस्तकांतून वाचला गेला. १९६४ साली जॉर्ज डेल्स ह्यांनी दाखवून दिले की, ते सांगाडे एकाच थरातले, एकाच वेळचे नाहीत. पुढे केनेडींनी ती हाडे प्रत्यक्ष तपासली, तेव्हा कत्तलीची साक्ष देतील असे ताजे घाव त्यांवर जवळपास आढळले नाहीत. इंद्र निर्दोष सुटला. अस्थी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

योग्य प्रश्न विचारले म्हणजे काय मिळते, ह्याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातील इनामगाव. घोड नदीच्या काठी असलेल्या ह्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात केले; सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकरी आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली वा अंगणात पुरीत. मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत. मोठा माणूस गेला तर त्याची पावले घोट्याखाली तोडीत. मृताने उठून जाऊ नये, अशी त्यामागे भावना असावी असे तज्ज्ञ म्हणतात. दोनशेहून अधिक दफने येथे सापडली. त्यांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स ह्यांनी केला. नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या अस्थींवर पुढे ग्वेन रॉबिन्स शुग ह्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ह्या लोकांचा वंश कोणता, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरला. त्यांची मुले पुरेशी वाढत होती का, दातांवर उपासमारीच्या रेषा आहेत का, उत्तरकाळात धान्य कमी पडू लागले तेव्हा अंगावर त्याचा काय परिणाम झाला, हे विचारले गेले. उत्तरकालीन जोर्वे वस्तीतील लेकरांची वाढ खुंटल्याचे दिसून आले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घोडनदीकाठच्या आईची चिंता अशी पुन्हा कळू शकते, हे मला कोणत्याही राजवंशाच्या सनावळीपेक्षा मोठे वाटते.

इनामगावच्या पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा कच्च्या मातीचा रांजण निघाला. त्यात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत होता आणि त्याची पावले शाबूत होती. हे वाचून आमच्या भागातल्या वाचकाला साहजिकच लिंगायतांच्या बसविलेल्या समाधीची आठवण होईल, आणि तेथेच त्याने स्वतःला आवरावयास हवे. इनामगाव आणि बसवेश्वर ह्यांच्यामध्ये दोन हजार वर्षे आहेत. बैठक सारखी म्हणून परंपरा एक, असे म्हणणे म्हणजे पुराव्याच्या साखळीतील सर्व कड्या वगळून पहिली आणि शेवटची तेवढी हातात धरणे होय.

प्रश्न नेमका असेल आणि इतर पुराव्याची जोड असेल तर एकच हाड किती दूरवर नेऊ शकते, हे गोव्याने दाखविले आहे. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासाने शिराझ येथे दहा वर्षे बंदिवासात ठेवले आणि धर्मांतरास नकार दिल्याबद्दल १६२४ साली हाल करून ठार मारले. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवून १६२७ साली त्यांतील काही भाग गोव्यास आणला आणि जुन्या गोव्याच्या टेकडीवरील आपल्या मठात एका दगडी पेटीत ठेवला. पुढे मठ ओस पडला, १८४२ साली चर्चची कमान कोसळली आणि सगळ्यावर ढिगारा साचला. जॉर्जियाची माणसे १९८९पासून आपल्या संत राणीचा शोध घेत गोव्यास येऊ लागली. पोर्तुगीज कागदपत्रांत ती पेटी मठाच्या सभागृहात खिडकीजवळ असल्याचा निर्देश होता. त्याच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम केले, तेव्हा २००४च्या सुमारास हाताचे एक लांब हाड मिळाले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यातील आईकडून येणारा डीएनए तपासला. तो ज्या शाखेचा निघाला ती शाखा भारतीयांच्या हजारो नमुन्यांत नव्हती. जॉर्जियाच्या ३० माणसांपैकी दोघांत होती. त्याच परिसरात मिळालेली आणखी दोन हाडे मात्र भारतात सर्वत्र आढळणाऱ्या शाखांची निघाली. २०२१च्या जुलैमध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिब्लिसी येथे राणीच्या अवशेषांचा भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

ह्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच घातलेला एक शब्द : ‘बहुधा’. हे हाड ‘बहुधा’ राणीचे. डीएनएने एवढेच सांगितले की, ही व्यक्ती येथील नसावी आणि त्या प्रदेशातली असू शकते. ती केतेवान, हे कागदपत्रे, पेटीची जागा आणि हाड ह्या तिघांनी मिळून सांगितले. एकट्या हाडाच्या साक्षीवर निकाल दिला गेला नाही; अन्य पुराव्याने त्याला दुजोरा मिळाला. न्यायालयांतसुद्धा हा ‘बहुधा’ इतक्या प्रामाणिकपणे नेहमी उच्चारला जात नाही.

न्यायालयाचा आणि हाडांचा संबंध तसा जुना आहे. १९३५ साली इंग्लंडमधील लँकेस्टर येथे, मुंबईत वैद्यकी शिकलेल्या बक रक्स्टन नावाच्या पारशी डॉक्टराने पत्नीचा आणि घरातील दासीचा खून करून देहांचे तुकडे दूर स्कॉटलंडमध्ये एका ओढ्यात टाकले. ओळख पटविणारे अवयव त्याने डॉक्टरी ज्ञानाने हेतुपुरस्सर नाहीसे केले होते. ग्लेस्टर आणि ब्रॅश ह्या प्राध्यापकांनी ते तुकडे जुळवून दोन वेगवेगळ्या वयांच्या स्त्रिया उभ्या केल्या. आणि कवटीचे छायाचित्र मृत स्त्रीच्या हयातीतील छायाचित्रावर ठेवून जुळवून दाखविले. १९३६ साली रक्स्टन फासावर गेला. छायाचित्रांच्या अशा अध्यारोपणाचा पुरावा ओळख पटविण्यासाठी ग्राह्य आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रामलोचन अहीर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य ह्या प्रकरणात मान्य केले. जिवंत माणसाचे वय क्ष-किरणांनी हाडे पाहून ठरविताना दोन्ही बाजूंस दोन वर्षांची चूक गृहीत धरावी, असे त्याच न्यायालयाने १९८२ साली जयमाला प्रकरणात म्हटले. ही दोन वर्षे कित्येक तरुण आरोपींच्या बाबतीत बालसुधारगृह आणि तुरुंग ह्यांमधील अंतर ठरली आहेत. उंचीची गणिते तर अधिकच जपून वापरावी लागतात. पाठ्यपुस्तकांतील प्रसिद्ध सूत्रे अमेरिकन माणसांच्या हाडांवरून १९५२ साली बांधलेली आहेत, आणि निपाणीच्या वखारीत राबणाऱ्या बाईला ती जशीच्या तशी लावली तर उत्तर चुकण्याचा संभव फार.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. हाडांच्या दृष्टीने हा प्रदेश मोठा चमत्कारिक आहे. पश्चिमेकडे खानापूरच्या बाजूस जांभ्याची आम्लधर्मी माती आणि धुवांधार पाऊस. तेथे हाड लवकर विरून जाते. पूर्वेकडे गोकाक-चिकोडीची काळी जमीन. तिच्यातील चुनखडी हाडाला दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे येथे हाड सापडले नाही म्हणून दफन नव्हते असे म्हणता येत नाही, आणि टिकलेले हाड ताजेच असेल असेही नाही. घटप्रभेकाठी कोण्णूर येथे महापाषाणयुगातील दगडी दफनगृहे आहेत. लोक त्यांना पांडवांची घरे समजतात. मृतांसाठी बांधलेल्या घरात लोकमानसाने जिवंत पांडवांना राहावयास पाठविले! ए. सुंदर ह्यांनी उत्तर कर्नाटकातील अशा दफनगृहांवर १९७५ साली ग्रंथ लिहिला. बांधणीचा विचार झाला, पण आतल्या माणसाचा विचार करण्यास साधन फार थोडे उरले होते.

शिवाय आपल्याकडे मृताची व्यवस्था लावण्याच्या रीती तरी किती! लिंगायत बसवून पुरतात. मुसलमान दक्षिणोत्तर कबरीत तोंड पश्चिमेकडे वळवून निजवितात. ख्रिस्ती उताणे निजवितात. गोसावी आणि नाथपंथी समाधी देतात. दहन करणारे हिंदूसुद्धा तान्ह्या मुलाला मातीच देतात. म्हणून हाडे कशा स्थितीत पडली होती, डोके कोणत्या दिशेला होते, शेजारी काय होते, ही नोंद हाडाइतकीच मोलाची आहे. खताच्या पोत्यात भरताना आम्ही नेमके हेच गमावले. ती बैठक असती तर स्वामींचा पक्ष खरा ठरता; हाडे घाईने उथळ खड्ड्यात कोंबलेली असती तर कुजबुजणाऱ्यांचा. फेकलेल्या खापरांनी कदाचित सर्वांनाच खोटे पाडले असते.

कायद्याची स्थिती काय आहे? इंग्रजांनी १८७८ साली केलेल्या निखात निधी कायद्याने, जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तरी कलेक्टरास कळविणे बंधनकारक केले. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने दफनस्थान स्मारकांत धरले. पुराणवस्तूंच्या व्याख्येत नाणे, शिल्प, चित्र, शिलालेख ह्यांची नावे आहेत. माणसाच्या अस्थीचे नाव नाही. ओढूनताणून ती ‘ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू’त बसविता येईल; पण माणसाला वस्तूंत बसवावे लागते, ह्यातच उणीव दिसते. दंडविधानातील जुने २९७ कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत ३०१ झाले आहे, ते दफनभूमीच्या विटंबनेला शिक्षा सांगते. परंतु त्यासाठी कोणाच्या तरी भावना दुखावण्याचा वा धर्माचा अपमान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असणे आवश्यक आहे. ज्याचे कोणी उरले नाही त्याच्या वतीने दुखावून घ्यावयाचे कोणी? कायदा थडग्याला ओळखतो, थडग्यातल्या सोन्याला त्याहून अधिक ओळखतो; आत निजलेल्या माणसाची ओळख मात्र त्याला पुरती झालेली नाही. २०२४ साली इंग्लंडमध्ये एका नागा माणसाची कवटी लिलावास निघाली होती आणि निषेधानंतर ती मागे घेण्यात आली. परक्यांच्या अशा वर्तनाचा आपल्याला संताप येतो, तो योग्यच आहे; पण आपले पोतेही त्या वेळी आठवावे.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे ठरविले आहे. त्याच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कायदा झाला, पण तज्ज्ञ एका रात्रीत होत नाहीत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने प्रथम एकेक हाड हाताने चाचपून डावे-उजवे ओळखावयाचे असते, मग शेकडो तुकड्यांतून किमान किती माणसे होती हे मोजावयाचे असते, आणि सर्वांत शेवटी ‘सांगता येत नाही’ हे शब्द न लाजता लिहावयास शिकावयाचे असते. पुण्याचे डेक्कन कॉलेज हा अभ्यास पुरातत्त्वाच्या अंगाने शिकविते; न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची केंद्रे आता गोव्यात आणि धारवाडला झाली आहेत; बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बेळगाव ह्या तिन्ही ठिकाणांच्या मधोमध आहे. उत्खनन करणाऱ्याला न्यायवैद्यक येत नाही आणि न्यायवैद्यकाच्या डॉक्टराला मातीचे थर वाचता येत नाहीत; दोहोंचे शिक्षण एका डोक्यात एकत्र यावे, ह्यासाठी ह्याहून सोयीची जागा कोणती?

आणि ह्या शहराला आणखी एक कारण आहे. १९५६पासून ह्या भूमीतील प्रत्येक दगडाला, शिलालेखाला आणि गावाच्या नावाला त्याची भाषा विचारली गेली आहे. ते प्रश्न आपापल्या जागी आहेत. मी त्यांत शिरत नाही. परंतु उद्या कोठे प्राचीन सांगाडा निघाला, तर त्यालाही तोच प्रश्न विचारण्याचा मोह दोन्ही बाजूंना होईल, हे भय मला वाटते. त्या वेळी १४९ कवट्या मोजून ‘संबंध दिसत नाही’ असे लिहिणारी ती विद्यार्थिनी आपण आठवावी. हाडाला विचारावयाचे ते एवढेच : तू किती जगलास, काय खाल्लेस, काय सोसलेस आणि तुला कोणी मारले का?

त्या म्हाताऱ्या पंचाचे पुढे काय झाले, हे मला वखारीच्या मालकाकडून कळले. त्यांनी कागदाची वाट पाहिली नाही. हाडे निघाली त्या कोपऱ्यावर त्यांनी एक दिवा लावला आणि शेजारी चोळीचा खणही ठेवला, टोपीही ठेवली. आम्ही वकील संशयाचा फायदा आरोपीला देतो. त्यांनी तो मृताला दिला. तो संशय फेडण्याची विद्या जगात असून आमच्या हाताशी नव्हती, ही उणीव मात्र त्यांची नव्हे. आमची होती, आणि अजून आहे.